पांढरा खडा

माती तोंडात घातल्याशिवाय भट्टीवालीला तिची पारख पटत नसे. चिमूटभर घ्यायची, पुढच्या दातांखाली धरायची, डोळे मिटून हळू चावायची आणि बाजूला थुंकायची. करकरली तर रेती जास्त, दाताला चिकटून बसली तर चिकण जास्त. सासऱ्याने ही परीक्षा शिकवली ती मुलाला, पण शिकली सून. नवरा गेल्यावर भट्टी तिच्या जिभेवर चालते असं लोक म्हणायचे, आणि म्हणताना थोडं हसायचे, कारण जीभ तिची तशी दोन्ही अर्थांनी चालायची.

त्या वर्षी जुनी खाण गेली. पावसाळ्यात ओढा फुगला, काठ सोडून आत शिरला, आणि ओसरला तेव्हा पिढ्यानपिढ्या जिथून माती काढली त्या खड्ड्यावर पुरुषभर रेती पसरून गेला. रेती उपसायची तर हंगाम तिथेच संपला असता. म्हणून टेकाडाच्या पायथ्याशी नवी जागा पाहिली. भट्टीवालीने कुदळीने वरचा थर उडवला, आतलं ढेकूळ उचललं आणि चिमूट तोंडात घातली.

"करकरतेय?" धाकट्या दिराने विचारलं.

"छे. लोण्यासारखी आहे."

दीर उकिडवा बसला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा नाकाला शेंबूड घेऊन फिरायचा. साचा कसा धरायचा, भट्टी कशी रचायची, सगळं तो तिच्याच हाताखाली शिकला. आता त्याच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं होतं. त्याने ढेकूळ तळहातावर चुरलं आणि अंगठ्याने पसरलं. पिवळट मातीत पांढरे खडे होते. काही डाळीएवढे, काही त्याहून बारीक.

"वहिनी, हे बघा."

"बघितले."

"चुनखडी आहे ही."

"असेल. मोठे खडे वेचून टाका. बारीक आहेत ते आग खाऊन टाकते."

"आग खाते कुठे? आग भाजते. भाजलेले आतच राहणार."

"भाऊजी, तुम्हाला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून मी आग बघतेय."

मागे घमेली रचत बसलेली धाकटी जाऊ फिस्सकन हसली आणि नवऱ्याने वळून पाहिल्यावर घमेलीच पुसू लागली.

दीर हसला नाही, रागावलाही नाही. खडे झटकून तो उठला. "दुसरीकडे खणून बघू म्हणतो. एखादा दिवस जाईल."

"शिंप्याला शब्द दिलाय. त्याच्या म्हाताऱ्या आईला पावसाच्या आत नव्या खोलीत न्यायचंय. इथेच काढायची."

तिच्या खात्रीला कारण होतं. नवरा गेला त्या वर्षीची गोष्ट. भट्टी पेटलेली, वारा उलटा, आणि हिने अर्ध्यातच भट्टीची तोंडं मातीने लिंपायला सांगितलं. सगळे म्हणाले, कच्ची राहील, बाईमाणसाचा अंदाज. ही म्हणाली, धुराचा रंग उडालाय, आता आणखी लाकूड घातलं तर विटा वितळतील. शेजारच्या गावातल्या दोन भट्ट्या त्या वाऱ्याने खंगर झाल्या, विटा एकमेकींना चिकटून काळे धोंडे झाले. हिची मात्र लालबुंद निघाली. तेव्हापासून तिच्याशी वाद घालायचं लोकांनी सोडलं. खरं सांगायचं तर तिनेही स्वतःशी वाद घालायचं सोडलं होतं.

माती निघाली. भिजत घातली. तिघांनी तुडवली. सकाळच्या गारव्यात चिखलात पाय घातला की पोटऱ्यांत कळ जाते, मग ऊन चढेपर्यंत पाय आहेत की नाहीत कळत नाही. तुडवताना खडा लागला की वाकून काढायचा असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी सगळे वाकत होते. मग कंबर बोलू लागली आणि फक्त मोठाले खडे निघू लागले. दीर मात्र वाकतच राहिला. त्याच्या बाजूला पांढऱ्या खड्यांचा छोटासा ढीग झाला.

"दात पेरायचेत की काय?" भट्टीवाली म्हणाली.

"उगवले तर बरंच. म्हातारपणी कामाला येतील," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.

साच्यातून विटा पडू लागल्या. साचा रेतीत बुडवायचा, मातीचा गोळा आपटायचा, वरून तार ओढायची, उलटा करून उचलायचा. धाकटीचा हात सगळ्यांत चलाख होता, आणि ती हे काम करताना गुणगुणायची. विटा ऊन खाऊन पांढुरक्या झाल्या, मग उभ्या केल्या, मग रचल्या. भट्टी रचण्याचं काम भट्टीवाली कोणाला देत नसे. दोन विटांमध्ये बोटभर फट, खाली आगीला वाट, वर हळूहळू आवळत जायचं. दीर खालून विटा फेकी, ती वर झेली. इतक्या वर्षांत दोघांना एकमेकांकडे बघावं लागत नसे.

आग लावली तशी ती भट्टीजवळून हलली नाही. पहिला धूर पांढरा, ओला. तो मातीतलं पाणी. मग काळा, मग निळसर. मग नुसती हवा थरथरते आणि पलीकडचं झाड पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. ते झाड तसं हललं तेव्हा तिने तोंडं लिंपून घेतली. डोळे लाल, भुवया करपलेल्या, पण चेहऱ्यावर समाधान. सासरा म्हणायचा, आगीपुढे बसताना आपण तिचं ऐकायला बसतो, सांगायला नाही. धुराच्या बाबतीत हे तिने कधी सोडलं नव्हतं.

भट्टी निवली आणि वरचा अर्धा भाग उघडला. अशा विटा तिने स्वतःच कमी पाहिल्या होत्या. रंग एकसारखा, कडा धारदार. शिंपी बातमी लागताच आला. गळ्यात मोजपट्टी तशीच. हा माणूस बाहेर पडतानाही ती काढायला विसरायचा, की मुद्दामच ठेवायचा, कोणाला माहीत नव्हतं. भट्टीवालीने दोन विटा घेतल्या आणि एकमेकींवर वाजवल्या. ठण्ण.

"ऐकलंत? घंटा आहेत, घंटा."

शिंप्याने मान डोलावली. "मावशी, तुमच्या विटेला मी काय माप लावणार?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला," ती म्हणाली, आणि दिराकडे बघून म्हणाली, "काय भाऊजी, दात दिसतात का कुठे?"

दिराने एक वीट फिरवून फिरवून पाहिली. "दिसत नाहीत," त्याने कबूल केलं.

गाड्या भरून शिंप्याकडे गेल्या. उरलेल्या विटा भट्टीशेजारी रचून ठेवल्या. खालचा अर्धा भाग राखेखाली अजून ऊबदार होता, तो तसाच झाकलेला राहिला. धाकटीने त्याच्या कडेच्या काही गरम विटा टोपलीत घालून तळ्यावर नेल्या आणि धुण्याच्या जागी पाण्यात बसवल्या. तिथे चिखलात तिचे पाय घोट्यापर्यंत रुतायचे. विटा पाण्यात सोडल्या तशा फसफसल्या, बुडबुडे बराच वेळ येत राहिले. घरी येऊन तिने सांगितलं, तर भट्टीवाली म्हणाली, "चांगली वीट पाणी पितेच," आणि विषय संपला.

मग आभाळ आलं. पाऊस नव्हता, नुसतं कोंदट. सकाळी कपडे दोरीवर सुकण्याऐवजी आणखी ओले व्हायचे. मीठ बरणीत घट्ट झालं.

पहिला ठिपका भट्टीवालीनेच पाहिला. रचलेल्या विटांच्या वरच्या ओळीत एका विटेच्या तोंडावर नखाएवढी कपची उडाली होती, आणि खळग्याच्या तळाशी पिठासारखं पांढरं होतं. तिने बोट लावलं. पीठ बोटाला लागलं, किंचित गरम वाटलं, किंवा तसा भास झाला. तिने इकडेतिकडे पाहिलं. दीर सरपण फोडत होता. तिने खाली पडलेला विटेचा भुगा उचलला, थुंकीने ओला केला, खळग्यात दाबला आणि वीट उलटी करून ठेवली.

हे करताना आपण हे का करतोय असा विचार तिच्या मनात आला नाही. तो दुपारी आला, जेवताना.

दुसऱ्या सकाळी उलट्या विटेच्या दुसऱ्या बाजूला आणखी ठिपका होता, आणि शेजारच्या चारपाच विटांवर. तिसऱ्या सकाळी झाकण्याजोगं काही उरलं नाही. ढिगातून मधूनमधून बारीक टिक् असा आवाज येत होता, जणू कोणी आत बसून नखाने नख उडवतंय. एक वीट दिराने उचलली, तिचा कोपरा त्याच्या हातातच राहिला.

त्याने 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

"भट्टीच्या वरच्या थरातल्या आहेत," ती म्हणाली. "वर आच कमी पोचते. कच्च्या राहिल्या असतील."

दीर आत हात घालून ढिगाच्या पोटातली वीट काढू लागला.

"ती नको," ती म्हणाली. "मी काढते."

भट्टीच्या ऐन मध्यातल्या विटा कुठे रचल्यात हे तिला माहीत होतं. त्यांच्या पाठीवर आगीची काळी झळ असते. तिने त्या शोधून काढल्या, वाजवल्या. ठण्ण वाजल्या. त्या अंगणात उघड्यावर मांडून ठेवल्या. कच्च्यापणाचा दोष असेल तर या फुटायच्या नाहीत. तिला वाटत होतं, या फुटणार नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चूळ न भरता बाहेर आली. सगळ्यांत पक्क्या भाजलेल्या विटेला सगळ्यांत मोठा खळगा पडला होता.

ती बराच वेळ तिथेच उकिडवी बसली. धाकटीने चहा आणून शेजारी ठेवला. तो निवला.

"आगीचा दोष नाही," अखेर ती म्हणाली. "आग बरोबरच होती. आग बरोबर होती म्हणूनच हे झालं. खडा पक्का भाजला, त्याचा कळीचा चुना झाला. आता हवेतली ओल पितोय आणि फुगतोय."

"तेच म्हणत होतो," दीर हळूच म्हणाला.

"म्हणत होतात. मी ऐकलं नाही."

एवढं बोलणं तिला किती जड गेलं हे दोघांना कळलं असावं, कारण धाकटीने उगाच पदर सावरला आणि दीर कुऱ्हाडीची धार बघू लागला.

मग तो म्हणाला, "आता सगळी भट्टी फोडून टाकायची. खालच्यासकट. रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून देऊ. यातली एकसुद्धा भिंतीला लावायची नाही."

"खालच्या अजून उघडल्यासुद्धा नाहीत."

"माती तीच, खडे तेच. उघडून काय बघायचं?"

"म्हणजे आता तुम्हाला खात्री."

"आता मला खात्री."

बोलता बोलता आवाज चढले. तो म्हणाला, इतकं होऊनही तुमची हौस फिटली नाही. ती म्हणाली, वर्षाची मेहनत आहे, डोळे मिटून खड्ड्यात घालायची नाही. तो म्हणाला, डोळे मिटून कोणी काम केलं ते अंगणात मांडलंय.

"माझ्या धुण्याच्या विटांना काही झालं नाही," धाकटी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"काल उलट्या करून बघितल्या. शेवाळ आलंय, बाकी शाबूत आहेत. त्याही याच भट्टीच्या."

"फुटतील," दीर म्हणाला. "पाण्यात आहेत म्हणजे आधी फुटायला हव्या होत्या..." आणि आपलंच वाक्य ऐकून थांबला.

तिघं तळ्यावर गेली. पाणी उन्हाळ्याने आत सरकलं होतं तरी धुण्याच्या विटा गुडघाभर पाण्यात होत्या. भट्टीवालीने लुगडं खोचलं, आत शिरली आणि वीट उपसली. शेवाळावरून अंगठा फिरवला. पांढरे ठिपके होते, पण फुगलेले नव्हते. नखाने टोकरलं तर ठिपका लोण्यासारखा मऊ लागला. विटेच्या बारीक भोकांतून तो आतल्या आत पसरला होता, कपची उडवली नव्हती.

"चुना भरपूर पाण्यात विरला की लोणी होतो," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "थोड्या ओलीत विरला की भुकटी होऊन फुगतो. गवंडी चुना असाच भिजवतात की. पाणी कमी पडलं तर भांडं फुटतं."

"एवढ्यावरून?" दीर म्हणाला. "चार विटांवरून?"

पूर्वीची भट्टीवाली असती तर म्हणाली असती, हो, एवढ्यावरून. आता ती म्हणाली, "नाही. एवढ्यावरून नाही. बघू."

त्यांनी भट्टीचा खालचा भाग एका कडेने उघडला. त्यातल्या निम्म्या विटा ऊबदार असतानाच तळ्यात सोडल्या, पूर्ण बुडतील अशा. निम्म्यांवर ओलं गोणपाट टाकलं. कुठल्या विटा पाण्यात आणि कुठल्या गोणपाटाखाली हे दिराने निवडायचं, असं तिनेच सुचवलं. "माझा हात लागला तर तुम्ही म्हणाल, बाईने चांगल्या चांगल्या पाण्यात घातल्या."

"म्हणालो असतो," तो म्हणाला.

गोणपाटाखालच्या विटा रात्रीतूनच बोलू लागल्या. सकाळी गोणपाट उचललं तर खाली पांढरं पीठ सांडलं होतं. पाण्यातल्या विटा काढून पुन्हा त्याच कोंदट हवेत अंगणात मांडल्या. दीर सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे बसे, एकेक वीट कानाशी धरी. दोन विटांना ठिपका फुटला. त्यांत बोराएवढे खडे निघाले, वेचताना सुटलेले. बाकीच्या गप्प राहिल्या. दिवस गेले, आभाळ तसंच राहिलं, विटा तशाच राहिल्या.

"मोठा खडा असेल तर भिजवूनही उपयोग नाही," दीर म्हणाला.

"ते लिहून ठेवल्यासारखं ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "बाकीच्या?"

त्याने नाक खाजवलं. "बाकीच्या चालतील. मला वाटलं नव्हतं."

आता उरला शिंपी. खरं तर हे सगळं होताना तिच्या डोळ्यापुढे त्याचीच भिंत होती.

ती एकटीच निघाली. दीर बरोबर येतो म्हणाला, तिने नको म्हटलं. वाटेत तिने बोलायची वाक्यं जुळवली आणि शिंप्याचं दार दिसताच सगळी विसरली. अंगणात भिंत खिडकीच्या उंचीपर्यंत आली होती. गवंडी ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघत होता. जवळ विटांचा ढीग, आणि त्याच्याशेजारी डबा. विटा लावण्याआधी डब्यातून पाण्याचा हबका मारत होता. पाणी लांबून आणावं लागतं, म्हणून नुसता हबका.

भिंतीवर अजून थोडेच ठिपके होते. तिला ते दारातूनच दिसले.

शिंपी मशीनवरून उठून आला. "या मावशी. बघा, कशी सरळ चढलीय. पण हे बघा काय होतंय." त्याने कपची उडालेली जागा दाखवली. आवाज खाली आणून म्हणाला, "मला तर वाटतं यानेच घोळ घातलाय. विटा नीट भिजवतच नाही. नुसतं शिंपडतो. तुमच्या घंटेसारख्या विटा, आणि ही दशा."

गवंड्याने ऐकलं. "मी शिंपडतो ते बारा वर्षं शिंपडतोय. आजवर कोणाची भिंत फुटली नाही."

शिंप्याने वाट मोकळी करून दिली होती. मान नुसती किंचित हलवली असती तरी पुरे होतं, आणि त्यात थोडं खरंही होतं. गवंड्याने विटा बुडवून ठेवल्या असत्या तर बहुतेक वाचल्या असत्या. भट्टीवालीने भिंतीवर हात ठेवला. विटांमधून येणारा बारीकसा टिक् तिच्या तळव्याला लागला.

"त्याने भिजवल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "पण त्याला काय ठाऊक. वीट चांगली आहे असं मी सांगितलं होतं. दोष मातीत आहे. मातीत चुनखडी होती, माझ्या दिराने दाखवली होती, आणि मी हसण्यावारी नेली."

गवंड्याने ओळंबा गुंडाळला.

"म्हणजे?" शिंपी म्हणाला.

"म्हणजे ही भिंत पाडायला लागेल. छप्पर चढल्यावर पाडण्यापेक्षा आज पाडा. मी आणि दीर पाडतो, विटा आम्हीच उचलून नेतो. बदली विटा मी देते."

"कुठल्या? त्याच भट्टीच्या?"

"त्याच. पण तळ्यात भिजवलेल्या."

शिंपी मोजपट्टीची दोन्ही टोकं धरून उभा राहिला. त्याला राग आला की आवाज आणखी मऊ व्हायचा. "मावशी, मी कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावत नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावर आटलं तर शिलाई परत द्यावी लागते. हे मला समजतं, मी साधा शिंपी. तुमच्यासारख्या जाणत्या बाईला नाही समजलं?"

"नाही समजलं."

"तुम्ही म्हणालात घंटा आहेत."

"म्हणाले."

"आज म्हणताय भिंत पाड. आणि याच भट्टीच्या दुसऱ्या विटा घे. उद्या काय म्हणाल?"

"उद्याचं उद्याची वीट बघून सांगेन," ती म्हणाली. "आज जेवढं बघितलंय तेवढं सांगते. भिजवलेल्या टिकतायत. त्यातही मोठा खडा असेल ती फुटते, ती दीर निवडून काढतोय. यापुढचं मला ठाऊक नाही."

आतून म्हातारीचा खोकला आला. शिंप्याने तिकडे पाहिलं.

"दुधाने तोंड पोळलंय मावशी. आता ताकही फुंकून पिणार."

"फुंका की. मी तेच म्हणते." तिने अंगणातल्या मोकळ्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिथे भिजवलेल्या विटांचा एक ओटा बांधते. उघड्यावर, आभाळाखाली. रोज बघा. पाणी ओता, काय वाटेल ते करा. तुमचं मन भरेपर्यंत भिंतीला वीट लावू नका. ओटा फुटला तर मी तोंड दाखवणार नाही, विटा दुसऱ्या भट्टीवरून आणून देईन."

"आणि उशीर?"

"उशीर होईल. तो माझ्यामुळे."

शिंपी मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळू लागला. उत्तर गवंड्याने दिलं. "ओटा मी बांधतो. बुडवून ठेवीन विटा. त्यात काय."

भिंत पाडायला दुसऱ्याच दिवशी दोघं आली. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. कोणी तरी विचारलं, "काय वहिनी, बांधायचं सोडून पाडायचा धंदा काढलात का?" तिने मान वर केली नाही. दीर म्हणाला, "हो. तुमच्या घराची पाळी आठवड्याने." लोक हसले आणि पांगले. ती हातोडीने सांधे मोकळे करत होती, तो विटा उचलून देत होता. पूर्वीसारखंच, एकमेकांकडे न बघता. चांगल्या राहिलेल्या विटासुद्धा हातात घेताना चुरत होत्या. हातोडीचे घाव मनगटातून खांद्यापर्यंत जात होते. संध्याकाळी तिला वेणी घालायला हात वर नेता येईना, तेव्हा धाकटीने घातली.

मग तळं. राखेखालच्या उरलेल्या सगळ्या विटा डोक्यावरून तळ्यात, तळ्यातून काठावर. पाणी फसफसे, बुडबुडे येत, दीर काठावर बसून एकेक वीट कानाशी नेई आणि न पटलेली बाजूला फेकी. कधी ती म्हणे, "ही चांगली आहे हो." कधी तो म्हणे, "नाही." तेव्हा ती फेकून देई. एकदा तो म्हणाला, "ही टाकू?" तिने घेतली, वाजवली, नखाने टोकरली. "ही टाकू नका. ही मला माहिती आहे." त्याने ती ठेवली.

ओट्याला एक ठिपका फुटला, अगदी खालच्या ओळीत. भट्टीवालीनेच तो शिंप्याला दाखवला. शिंपी खाली बसून बराच वेळ बघत राहिला. आणखी काही दिवस गेले, आभाळ फाटलं, ऊन पडलं, पुन्हा दाटलं. मग त्याने निरोप पाठवला की गाडी पाठवा, भिंत सुरू करतो. निरोपाखाली पुस्ती जोडली होती की गवंडी आता विटा इतक्या बुडवतो की पाणी आणून आणून माझी बायको वैतागलीय.

पावसाआधी खोली झाली. छप्पर घालायला दीरही गेला होता.

पुढच्या हंगामासाठी जागा बघायला तिघं टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला गेली. भट्टीवालीने ढेकूळ उचललं, सवयीने चिमूट तोंडात घातली, चावली, थुंकली.

"चांगली आहे," ती म्हणाली. मग उरलेलं ढेकूळ दिराच्या हातावर ठेवलं. "आता तुम्ही बघा."

त्याने ते ताटलीत घेऊन पाण्याने धुतलं, माती ओतून दिली आणि तळाशी राहिलेलं बोटाने पसरलं. काही नव्हतं. धाकटी म्हणाली, आणखी दोन ठिकाणचं बघा, आणि कोणी हसलं नाही.

शिंप्याच्या अंगणातला ओटा तसाच राहिला. पाडायचा म्हणून ठेवला होता, पण म्हातारी उन्हाला त्यावर येऊन बसू लागली, मग तो पाडायचा विषय निघाला नाही. बाजाराकडे जाताना भट्टीवालीची वाट तिथूनच होती. म्हातारी हाक मारी, बस म्हणे. ती बसायची नाही, गडबडीत असायची. पण थांबायची. ओटा एव्हाना एक अख्खा पावसाळा झेलून उभा होता. आता यावर नवा ठिपका निघायचा नाही याची तिला खात्री होती. तरी ती दर वेळी वाकून बघायची.